वाचकांचे प्रश्न : ट्रॅक्टर चढावर मान का टाकतो?

प्रश्न : आमच्याकडे बसून चालवायचा, गवत कापणारा छोटा ट्रॅक्टर आहे. गिअर बदलावे लागत नाहीत. एक पेडल दाबलं की पुढे, दुसरं दाबलं की मागे. सुरुवातीला सपाटी काय आणि चढ काय, कुठेही कुरकुर नाही. अर्धा-पाऊण तास काम झालं की मात्र चढावर मान टाकतो. पेडल तळाला टेकवलं तरी रांगतो, कधी कधी जागीच उभा राहतो. इंजिन तेवढ्याच जोरात चालू असतं. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ताजातवाना. मेकॅनिकने लांबूनच पाहून ‘गिअरबॉक्स गेला, अख्खा बदला’ असं सांगितलं. दुसरा काही मार्ग आहे का?

उत्तर : लांबूनच पाहून निदान करणाऱ्यांचा हात आपण धरू शकत नाही. मला तरी खाली वाकून, सीट उचलून, बॅटरी लावून पाहिल्याशिवाय काही दिसत नाही.

गिअरबॉक्स गेलाही असेल. पण तो शेवटचा आरोपी. त्याच्या आधी चौकशीला बोलवायचे चार-पाच जण आहेत आणि त्यांतला एकेक त्याच्या मानाने किरकोळ खर्चाचा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचे प्रकार या दुखण्यात फार होतात.

‘इंजिन तेवढ्याच जोरात चालू असतं’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. चढावर यंत्र अडलं की आधी कान इंजिनाकडे लावायचे. आवाज बसत गेला, इंजिन गुदमरायला लागलं, तर चाकांवरचा भार इंजिनापर्यंत पोचतोय. मधली साखळी शाबूत आहे, दुखणं इंजिनात आहे किंवा भारच जास्त झालाय. पण आवाज जराही न बदलता ट्रॅक्टर थांबला, तर पुढे चढ लागलाय याची इंजिनाला खबरच नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी घसरतंय. तुमचं दुखणं हे दुसऱ्या जातीचं.

आता ‘मध्ये’ काय काय येतं ते पाहू. इंजिनाखालची पुली, तिच्यावरून मागे जाणारा पट्टा, पट्ट्याने फिरणारी गिअरबॉक्सची पुली, आत पंप, तेल आणि तेलावर फिरणारी मोटर, मग गिअर, ॲक्सल आणि शेवटी ॲक्सलला चाक जखडून ठेवणारी बोटभर लांबीची चौकोनी चावी. यातलं काहीही घसरलं तरी वर बसलेल्याला एकच लक्षण दिसतं : इंजिन गातंय आणि गाडी उभी.

सपाटीवर हे सगळं लपून राहतं, कारण तिथे परीक्षाच होत नाही. तुमच्यासकट ट्रॅक्टरचं वजन ३०० किलो धरा. सपाट गवतावरून तो हलता ठेवायला साधारण २०-३० किलोचा जोर पुरतो. १५ अंशांच्या चढावर निव्वळ वजन वर ओढायलाच आणखी ७८ किलो लागतात. म्हणजे एकूण जोर सुमारे चौपट. मधली घसरणारी जागा सपाटीवर निभावून जाते आणि चढावर उघडी पडते.

तुमच्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स हायड्रोस्टॅटिक जातीचा आहे. त्याच्या पंपात छोटे छोटे पिस्टन एका तबकडीला टेकून गोल फिरतात. तबकडी सपाट असेल तर पिस्टन आत-बाहेर होत नाहीत आणि तेलही ढकललं जात नाही. हा तुमचा न्यूट्रल. पेडल दाबलं की तबकडी तिरपी होते, पिस्टनचा स्ट्रोक वाढतो, तेल मोटरकडे जातं आणि चाकं फिरतात. तबकडी उलट्या अंगाला तिरपी झाली की ट्रॅक्टर मागे. या पिस्टनवर इंजिनातल्यासारख्या रिंगा नसतात. पिस्टन आणि भोक यांचं तंतोतंत बसणं आणि मधल्या तेलाचा दाटपणा एवढंच काय ते सील. भाग झिजले की फट वाढते, तेल तापलं की ते पातळ होतं. १०डब्ल्यू-३० तेल १०० अंश सेल्सिअसला ४० अंशांच्या मानाने सहा-सातपट पातळ असतं. चढावर आतला दाब वाढतो, पातळ तेल त्या फटीतून मागच्या मागे सटकतं आणि चाकांपर्यंत पोचतच नाही. ही गळती आतल्या आत असल्यामुळे जमिनीवर थेंबसुद्धा दिसत नाही.

म्हणजे मेकॅनिक बरोबर? थांबा. तापल्यावर पट्टाही घसरतो, म्हणून ‘गरम झाल्यावर होतं’ एवढ्या पुराव्यावर पंपाला दोषी धरता येत नाही. दोघांना वेगळं करायला मी एक साधी चाचणी वापरतो. तिला हत्यार लागत नाही, पाय पुरतो.

चढावर वेग पडला की आपला पाय आपसूक पेडल आणखी दाबतो. तसं करू नका. उलट पेडल सैल करा, निम्म्यावर आणा आणि पाहा. ट्रॅक्टर हळू पण ठामपणे चढायला लागला, तर पंप बराचसा शाबूत आहे, पट्टा घसरत होता. तबकडीचा तिरपेपणा कमी झाला की पंप फिरवायला कमी पीळ लागतो, पट्ट्यावरचा भार उतरतो आणि तो पुन्हा धरतो. आता उलटी शक्यता. पेडल सैल करताच जो काही रांगत होता तोही थांबला, तर गळती आतली आहे. पंप कमी तेल देऊ लागला पण गळती तेवढीच राहिली. चाकांच्या वाट्याला काही उरलंच नाही. ही चाचणी सौम्य चढावर, नाकासमोर सरळ वर जाताना करायची. कापणी बंद ठेवायची, खालच्या बाजूला माणूस किंवा जनावर नको आणि पाय ब्रेकशी तयार हवा.

चाचणीने पट्ट्याकडे बोट दाखवलं तर पुढच्या प्रश्नाचं उत्तर वाचा. एकत्र पेडल आणि क्लचचा भाग सोडला तर ते तुमच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे. गळती निघाली तरी लगेच गिअरबॉक्स उतरवू नका.

आधी बायपासची दांडी पाहा. इंजिन बंद असताना ट्रॅक्टर ढकलता यावा म्हणून मागच्या बाजूला एक दांडी किंवा लिव्हर असतो. तो ओढला की पंप आणि मोटरमधलं तेल मोकळं फिरतं आणि चाकं सुटतात. हा लिव्हर अर्धवट अडकला असेल, दांडी वाकली असेल किंवा स्प्रिंग गंजली असेल, तर झडप किंचित उघडी राहते. लक्षण हुबेहूब झिजलेल्या पंपासारखं. इंजिन बंद करून, सपाटीवर, लिव्हर चालवण्याच्या जागी ठेवून ट्रॅक्टर ढकलून पाहा. सहज गडगडत गेला तर आधी ही दांडी सोडवा, साफ करा, तिचा हात गिअरबॉक्सवर पूर्ण मागे येतो का ते डोळ्यांनी बघा.

मग सीट उचला. गिअरबॉक्सच्या पुलीवर एक प्लॅस्टिकचा पंखा असतो. या पंख्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पाती टोकाशी तुटलेली, एखादं मुळापासून गायब, आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या फटींत गवताचा चुरा तेलात भिजून, वाळून, काळा दगड झालेला : असा गिअरबॉक्स तापणार नाही तर काय होईल? लाकडी काडीने आणि ताठ ब्रशने एकेक फट मोकळी करा. जोराच्या पाण्याचा फवारा थेट शाफ्टच्या सीलवर मारू नका, पाणी आत जातं. पंखा तुटका असेल तर बदला. आणि हो, इंजिन अर्ध्या रेसवर चालवून पेट्रोल वाचवायची सवय असेल तर ती मोडा. हा पंखा इंजिनाच्या वेगावरच फिरतो. रेस अर्धी केली की वारा अर्धा, पंपाचं तेलही अर्धं. हे ट्रॅक्टर पूर्ण रेसवर चालवायचे आणि वेग फक्त पेडलने कमी-जास्त करायचा.

एवढं करून फरक पडला नाही, तर तेल. हलक्या ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्सला बऱ्याचदा तेल काढायचा बोल्टच नसतो. आयुष्यभर तेल बदलावं लागत नाही, असं सांगितलं जातं. कुणाच्या आयुष्यभर, ते सांगत नाहीत. बदलायचंच तर गिअरबॉक्स खाली उतरवून वरच्या भोकातून उलटा करून रिकामा करावा लागतो. जड काम आहे, पण होतं. निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात ओता. चुंबक असेल तर त्यावर राखाडी लुगदी दिसेल, ती चालते. बोटाला टोचणारे कण किंवा पितळी चमक दिसली तर भाग खाल्ले गेलेत, नव्या तेलाने ते भरून येणार नाहीत. कोणतं तेल घालायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहा. काही गिअरबॉक्सला २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल चालतं, काहींना वेगळं सांगितलेलं असतं. ‘दाट तेवढं चांगलं’ म्हणून मनाने काहीतरी ओतू नका.

तेल भरल्यावर आत अडकलेली हवा काढलीच पाहिजे. हा टप्पा गाळला तर नवं तेल घालूनही ट्रॅक्टर हलणार नाही आणि तुम्ही मला शिव्या घालाल. मागची चाकं जमिनीपासून उचलून स्टँडवर पक्की ठेवा, पुढच्यांना ठोकळे लावा. बायपास उघडा ठेवून इंजिन चालू करा, पेडल सावकाश पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे, प्रत्येक टोकाला पाचेक सेकंद धरून, असं तीन-चार वेळा करा. इंजिन बंद करून बायपास बंद करा आणि पुन्हा तेच करा. सुरुवातीला गुरगुर येईल, चाकं झटके देत फिरतील. हळूहळू आवाज एकसारखा होतो. मग तेलाची पातळी पुन्हा बघा, हवा निघाली की ती उतरते.

यानंतरही गरम झाल्यावर तोच खेळ राहिला तर मात्र मेकॅनिकचं म्हणणं मान्य करा. फक्त तोच हलका गिअरबॉक्स पुन्हा बसवण्याआधी स्वतःच्या वापराकडे बघा. हे गिअरबॉक्स मुळात सपाट हिरवळीसाठी केलेले असतात. रोज चढावर मातीने भरलेली ट्रॉली ओढायची असेल तर नवाही त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर जुना, गिअरचा. पायाखाली क्लच आणि ब्रेकचं एकच पेडल आहे. ते सोडलं की पट्टा ताणला जातो आणि गाडी चालते. चढावर अडतो आणि जळक्या रबराचा वास येतो. त्याच लांबीचा नवा पट्टा टाकला, थोडे दिवस बरं गेलं, पुन्हा तेच. घसरू नये म्हणून पट्ट्यावर चिकट स्प्रे मारला तर आणखी बिघडलं.

उत्तर : तो स्प्रे आधी कचऱ्यात टाका. घटकाभर धरतो, मग त्यावर धूळ आणि गवताचा भुगा बसून पट्टा आणि पुली दोन्ही घासायला लागतात. पुल्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. पट्ट्याला तो पार चोपडला गेला असेल तर पट्टाही गेला असं समजा.

व्ही आकाराचा पट्टा तळाने ओढत नाही, दोन्ही अंगांनी ओढतो. ताण आला की तो खोबणीत पाचरीसारखा रुततो आणि बाजूच्या भिंतींना धरतो. म्हणून लांबी जुळली एवढ्यावर पट्टा जुळला असं होत नाही. ट्रॅक्टर बंद, चावी काढलेली, स्पार्क प्लगची वायर सुटी, अशा अवस्थेत पट्टा पुलीत कसा बसलाय ते बाजूने बघा. पट्ट्याची पाठ पुलीच्या काठाशी समपातळीत किंवा काकणभर वर हवी. तो खोल बुडाला असेल तर एक तर पट्टा अरुंद आहे किंवा पुली झिजलीय. पुलीच्या खोबणीचा तळ बघा. तिथे जुना रंग किंवा गंज असायला हवा, कारण तिथे काही टेकायलाच नको. तळ घासून चकचकीत झाला असेल तर पट्टा खाली टेकतोय, पाचर बसतच नाही. अशा पुलीवर नवे पट्टे टाकत राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पट्ट्याची जातही बघा. साधा ए सेक्शनचा पट्टा १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड असतो. तुमच्या ट्रॅक्टरात पट्टा हाच क्लच आहे, म्हणजे त्याला रोज घसरत घसरत धरायचं असतं. त्यासाठीच्या पट्ट्यावर वेगळं कापडी वेष्टन असतं आणि आत ताणाला न वाढणारे धागे असतात. पंपाच्या किंवा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याला हे जमत नाही. तो थोड्याच दिवसांत ताणला जातो आणि कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात. बोटाचं नख कडेवरून ओढून बघा. चांगल्या कडेवर नख अडखळतं, घसरून घसरून भाजलेल्या कडेवर सरकत जातं.

आता ताण. तो देणारी आयडलर पुली एका हातावर बसलेली असते आणि त्या हाताला स्प्रिंग. हाताची खीळ गंजून जाम झाली की स्प्रिंग कितीही ओढो, पुली पट्ट्यापर्यंत पूर्ण येत नाही. पट्टा काढून तो हात हाताने हलवून बघा. सैल, मोकळा हलायला हवा. स्प्रिंग काढून ठेवल्यावर तिचे वेढे एकमेकांना चिकटलेले दिसायला हवेत. मध्ये फटी दिसत असतील तर ती ताणून मेलीय. पुलीचं बेअरिंग कानाजवळ फिरवून ऐका.

आणखी एक भानगड तुमच्या एकत्र पेडलमुळे होते. ब्रेकची दांडी जास्त आवळली गेली असेल तर पेडल पूर्ण सोडूनही ब्रेक थोडा धरून राहतो आणि पट्ट्याला चढ अधिक ब्रेक असं दोघांशी भांडावं लागतं. सपाटीवर न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. जड गेला, थोडा चालवल्यावर ब्रेकच्या तबकडीवर हाताला चांगलीच धग लागली, तर दांडीचा नट सैल करा.

शेवटी इंजिनाखाली बॅटरी मारून बघा. खालचं ऑइल सील झिरपत असेल तर तेल नेमकं पुलीवर पडतं. मग जगातला कुठलाही पट्टा टिकायचा नाही.

प्रश्न : चढावर ‘कट्’ असा आवाज झाला आणि ट्रॅक्टर थांबला. गिअर पडतो, पट्टा फिरतो, पण गाडी हलत नाही. मागून पाहिलं तर एका चाकाच्या मधला दांडा फिरतोय आणि चाक जागच्या जागी.

उत्तर : तुम्ही वाकून पाहिलंत, तिथेच निदान झालं. ॲक्सलची चावी तुटलीय.

ॲक्सलमध्ये एक खाच, चाकाच्या हबमध्ये दुसरी, आणि दोन्हींत मिळून एक चौकोनी लोखंडी चावी. चाक बाहेर सरकू नये म्हणून टोकाला सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी कडी. चावी कापली गेली की दांडा हबच्या आत नुसता फिरतो. एका बाजूचीच तुटूनही अख्खा ट्रॅक्टर का थांबतो, असं वाटेल. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत जोर वाटणारे गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एका बाजूला दांडा मोकळा सुटला की दुसऱ्या चाकालाही जवळपास काहीच मिळत नाही.

ट्रॅक्टर सपाटीवर आणून, स्टँड लावून चाक काढा. हबच्या तोंडाशी लालसर तपकिरी भुकटी दिसली तर चावी बरेच दिवस खेळत होती असं समजा. तुकडे काढल्यावर दोन्ही खाचांच्या कडा बघा. सरळ, धारदार असतील तर नवी चावी पुरे. कडा गोलावल्या असतील तर नवी चावीही थोड्याच दिवसांत जाईल, हब बदला. चावी चावीच्याच पोलादाची घ्या. कडक बोल्ट घासून बसवणारे बहाद्दर असतात. पुढच्या वेळी चावीऐवजी ॲक्सल तुटतो. हबच्या आत ग्रीस लावून बसवा, नाहीतर पुढच्या खेपेला चाक काढायला हातोडा लागेल.

प्रश्न : बांधाच्या कडेने आडवं कापताना वरच्या बाजूचं चाक गरगर फिरतं आणि ट्रॅक्टर अडतो. हाही पट्टाच का?

उत्तर : नाही. चाक फिरतंय म्हणजे ताकद चाकापर्यंत पोचलीय, जमिनीत उतरत नाहीये. तिरक्या जमिनीवर वजन खालच्या चाकावर जातं, वरचं हलकं होतं, आणि साधा डिफरन्शियल हलक्या चाकाला मोकळं सोडतो. टायरमध्ये हवा जास्त आहे का बघा. बऱ्याच गवत-ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरला १० पीएसआयच्या आसपासच हवा सांगितलेली असते. मोटारीसारखी ठासून भरली की टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो. ओलं गवत असेल तर त्या दिवशी काम नको. आणि मुळात आडवं कापूच नका. असा ट्रॅक्टर चढावर वर-खाली चालवायचा, आडवा नाही. फिरणारं वरचं चाक तुम्हाला गाडी कलंडायच्या आधीची सूचना देतंय.

प्रश्न : आमच्या ट्रॅक्टरचं इंजिनच चढावर बसतं. सपाटीवर चांगलं चालतं.

उत्तर : मग गिअरबॉक्सला हातही लावू नका. पहिला प्रश्न, टाकीत पेट्रोल किती असतं? तळाशी थोडंच असेल तर चढावर ते टाकीच्या एका कोपऱ्यात जमतं आणि नळी कोरडी पडते. टाकी भरून त्याच चढावर जा. फरक पडला तर बाकी काही शोधू नका. नाही पडला तर टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, पेट्रोलचा फिल्टर आणि एअर फिल्टर, या क्रमाने. झाकण किंचित सैल करून इंजिन सुधारलं तर भोक बुजलंय. त्यानंतर गव्हर्नरची स्प्रिंग. भार आला की कार्बोरेटरचं दार उघडायचं काम गव्हर्नरचं; कुणीतरी स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली असेल तर चढावर ते दार उघडतच नाही. कापणीची पाती बंद ठेवूनही चढून बघा. बोथट पाती आणि उंच गवत मिळून छोट्या इंजिनाचा बराच जोर खातात.

प्रश्न : चढावर कमजोर आहे म्हणून मी फक्त उतारावरच कापतो आणि वर येताना वळसा घालतो. हल्ली उतरताना पेडल सोडलं तरी ट्रॅक्टर पुढे घरंगळतो. (गिअर नसलेला, पेडलचा.)

उत्तर : आजच थांबवा. हे वेगळं दुखणं नाही, तेच आहे. चढताना तेल चाकांना ढकलतं, उतरताना तेच तेल चाकांना अडवून धरतं. पट्टा घसरत असेल किंवा आत गळती असेल तर ढकलणं आणि अडवणं दोन्ही जातं. चढावर त्याचा परिणाम म्हणजे तुम्ही अडकता. उतारावर तुम्ही सुटता. उतारावर एकदा वेग धरला की ब्रेकने चाकं थांबली तरी गवतावरून ट्रॅक्टर घसरत जातो.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर सपाटीवरच ठेवा. ब्रेक वेगळा तपासा : पार्किंग ब्रेक लावून, बायपास ओढून, सपाट जागी ढकलून बघा, चाकं फिरता कामा नयेत. आणि तो बायपास उतारावर कधीही, कुठल्याही कारणाने ओढू नका. त्या क्षणी ट्रॅक्टर आणि उतार यांच्यामध्ये ब्रेकशिवाय काहीही उरत नाही.

किती उतार फार झाला, हेही अनेकजण विचारतात. बसून चालवायच्या बऱ्याच यंत्रांच्या पुस्तिकेत १५ अंशांची मर्यादा असते. मोजायला एक मीटरची सरळ फळी घ्या. एक टोक चढाच्या अंगाला जमिनीवर टेकवा, दुसरं टोक उताराच्या दिशेने हवेत धरा आणि पाणसळ ठेवून फळी आडवी सपाट करा. हवेतल्या टोकापासून जमीन २७ सेंटिमीटरपेक्षा खाली असेल तर तो उतार तुमच्या यंत्राचा नाही. तिथे हाताने चालवायचं यंत्र न्या.

प्रश्न : चढावर जोर मिळावा म्हणून मागे मोठे टायर टाकले तर?

उत्तर : पकड वाढेल, जोर घटेल. २० इंच उंचीच्या जागी २३ इंचाचा टायर टाकला तर ट्रॅक्टर तेवढंच ओढायला ॲक्सलवर १५ टक्के जास्त पीळ मागतो. जो गिअरबॉक्स आधीच दमलाय त्याला आणखी दमवाल. टायर बदलायचेच असतील तर उंची तीच ठेवून खोल नक्षीचे घ्या.